आमच्या संगणकातले लिंबावरचे फुलपाखरू

(इयत्ता चौथी)



दरवेळी मी भित्तिपत्रकात चित्र काढते किंवा सुविचार लिहिते. यंदा बाई म्हणाल्या, "तू लेख लिही. आपण संगणकावर धडा कसा तयार केला ते सगळ्यांना कळू दे." म्हणून मी हा लेख लिहीत आहे. लेख जरा लांब झाला आहे. पण उभे राहून पूर्ण वाचा, ही विनंती.

धडा पाहणे आणि धडा करणे

आपल्या शाळेत संगणक आहे हे सर्वांना ठाऊक आहे. आधी आम्ही त्यावर नुसते धडे पाहत होतो. चित्र हलायचे, गाणे लागायचे, आम्ही टाळ्या वाजवायचो. घरी गेल्यावर आईने विचारले, "आज काय शिकलीस?" तर मला काहीच सांगता यायचे नाही. गाणे तेवढे आठवायचे.

मग गुरुजींनी सांगितले की संगणकावर धडा पाहता येतो, तसा तो आपल्याला तयारही करता येतो. चित्र, आवाज, अक्षरे आणि हालचाल ही चार माध्यमे एकत्र आली की त्याला बहुमाध्यम म्हणतात. इंग्रजीत मल्टिमीडिया म्हणतात. अशी बहुमाध्यम गोष्ट किंवा धडा स्वतः तयार करण्यासाठी संगणकात वेगळी सॉफ्टवेअर असतात. आम्ही जे वापरले त्याचे नाव स्क्रॅच.

पाहण्यात आणि करण्यात काय फरक आहे ते मी सांगते. आईने भाकरी वाढली की आपले पोट भरते. पण स्वतः भाकरी थापायला बसले की पीठ किती, पाणी किती, तवा किती तापवायचा हे सगळे कळते. माझी पहिली भाकरी चिरली होती. धड्याचेही तसेच आहे.

स्क्रॅच कोठून आले

गुरुजींनी आम्हाला याचा थोडा इतिहास सांगितला. तो मी वहीत लिहून घेतला आहे.

1967 साली अमेरिकेत सिमोर पॅपर्ट, सिंथिया सॉलोमन वगैरे मंडळींनी मुलांसाठी लोगो नावाची संगणकाची भाषा तयार केली. पुढे तिच्यात एक कासव आले. त्याला पुढे जा, उजवीकडे वळ असे सांगितले की ते चालत चालत रेघ काढी. मुले त्यातून चौकोन, त्रिकोण शिकत. मग 1987 साली अ‍ॅपल कंपनीच्या बिल अ‍ॅटकिन्सन यांनी हायपरकार्ड काढले. त्यात कार्डांची चळत असे. कार्डावर चित्र काढायचे, आवाज घालायचा आणि बटण ठेवायचे. बटण दाबले की दुसरे कार्ड उघडायचे. शाळांतल्या शिक्षकांनी आणि मुलांनी त्यावर धडे केले. 2004 साली हायपरकार्डची विक्री बंद झाली.

स्क्रॅच 2007 साली सर्वांसाठी खुले झाले. ते अमेरिकेतील एम.आय.टी. या संस्थेत मिचेल रेझनिक आणि त्यांच्या सोबत्यांनी तयार केले. 8 ते 16 वर्षांच्या मुलांसाठी ते केलेले आहे, म्हणजे मी त्यात बसते! ते फुकट मिळते. एकदा संगणकात घेतले की इंटरनेट नसले तरी चालते. आमच्या गावात हे फार बरे आहे.

आणखी एक गोष्ट. 2007 सालीच आपल्या महाराष्ट्रात रायगड जिल्ह्यात कर्जत तालुक्यातील खैराट या लहानशा गावच्या शाळेत मुलांना छोटे हिरवे-पांढरे लॅपटॉप दिले होते. त्यात चित्र काढण्याची आणि आवाज नोंदवण्याची सोय होती. म्हणजे खेड्यातल्या मुलांनी असे काम करणे काही नवीन नाही. आपणच पहिले, असे मला वाटले होते. पण तसे नव्हते.

आमचा विषय

परिसर अभ्यासात आपल्याला प्राण्यांचा जीवनक्रम आहे. फुलपाखराच्या चार अवस्था बाईंनी फळ्यावर लिहिल्या: अंडे, अळी, कोश, फुलपाखरू. आम्ही त्या पाठ केल्या. पण माझी मैत्रीण म्हणाली, "बाई, अळीचं फुलपाखरू कसं होईल? अळीला तर पंख पण नसतात." सगळे हसले. बाई हसल्या नाहीत. त्या म्हणाल्या, "चला, पाहूच या."

हापशाजवळ शाळेचे लिंबाचे झाड आहे. त्याच्या कोवळ्या पानावर आम्हाला फिकट पिवळे, मोहरीपेक्षाही बारीक गोल अंडे सापडले. मी आणि माझी मैत्रीण रोज मधल्या सुट्टीत जाऊन पाहायचो आणि वहीत लिहायचो. आमच्या नोंदी अशा आहेत:

अंडे – 4 दिवस.
अळी – 16 दिवस.
कोश – 10 दिवस.
एकूण – 30 दिवस.

अळी लहान असताना काळपट आणि पांढरी होती. दुरून पाखराची शिट पडल्यासारखी दिसायची. बाई म्हणाल्या, "म्हणून तर पाखरे तिला खात नाहीत." मोठी झाल्यावर ती हिरवीगार झाली आणि पानात दिसेनाशी झाली. काडीने हळूच स्पर्श केला तर डोक्यामागून नारिंगी रंगाचे दोन शिंगांसारखे काहीतरी बाहेर काढी आणि उग्र वास येई. अळीने चार वेळा कात टाकली. मग फांदीला तलम धाग्याने स्वतःला बांधून घेतले आणि तिचा कोश झाला. शेवटी काळ्या-पिवळ्या ठिपक्यांचे फुलपाखरू बाहेर आले. त्याचे पंख आधी ओले आणि चुरगळलेले होते. थोड्या वेळाने ते उडाले. माझी मैत्रीण एकदम ओरडली, "अगं, आलं की!"

माझे आजोबा म्हणाले, "ही अळी लिंबाची पानं खाती. रोप लहान असलं तर पार उघडं करती." हेही खरे आहे. म्हणून आम्ही ते पण धड्यात घातले.

धडा कसा तयार केला

आता मी क्रमाने सांगते, म्हणजे तुम्हालाही करता येईल.

1. पडद्यावर उजव्या बाजूला एक रंगमंच असतो. आपल्या गॅदरिंगच्या स्टेजसारखा. त्याच्या मागचे चित्र म्हणजे पडदा. आम्ही लिंबाची फांदी काढली.

2. रंगमंचावर जे पात्र असते त्याला स्प्राइट म्हणतात. आधी तिथे एक मांजर असते. आम्ही मांजर काढून टाकले आणि आमचे पात्र घेतले.

3. एका पात्राला अनेक पोशाख देता येतात. नाटकात एकच मुलगा आधी शेतकरी होतो, मग राजा होतो, तसे. आमच्या पात्राचे पाच पोशाख आहेत: अंडे, लहान अळी, हिरवी अळी, कोश आणि फुलपाखरू. अळीचे दोन पोशाख का? कारण आम्ही दोन रंगांच्या अळ्या डोळ्यांनी पाहिल्या. पुस्तकातून उतरवले असते तर एकच काढली असती.

4. मग आज्ञा द्यायच्या. आज्ञा रंगीत ठोकळ्यांच्या असतात. हालचालीचे ठोकळे निळे, दिसण्याचे जांभळे, सुरुवात करण्याचे पिवळे, थांबण्याचे आणि पुन्हा पुन्हा करण्याचे नारिंगी. ते एकाखाली एक जोडायचे. जो बसत नाही तो जोडलाच जात नाही, म्हणून स्पेलिंगची चूक होत नाही.

5. वरच्या हिरव्या झेंड्यावर क्लिक केले की धडा सुरू होतो. लाल बटणावर क्लिक केले की थांबतो.

6. आवाज नोंदवायला माईक लागतो. आम्ही मराठीत बोललो. मराठी अक्षरे टाइप करायला आम्हाला फार वेळ लागतो, पण बोलायला लागत नाही.

आमच्या चुका

चुका लिहायला मला लाज वाटत होती. पण बाई म्हणाल्या, चुकाच आधी लिही.

पहिली चूक: आम्ही "पुढचा पोशाख" हा ठोकळा "सतत करा" या ठोकळ्यात ठेवला. झेंडा दाबला तर अंडे, अळी, कोश, फुलपाखरू सगळे भिंगरीसारखे फिरू लागले. काहीच दिसेना! कारण आम्ही संगणकाला थांबायला सांगितलेच नव्हते. संगणक स्वतःहून थांबत नाही. सांगितले तेवढेच करतो. मग आम्ही प्रत्येक पोशाखानंतर "थांबा" हा ठोकळा लावला.

किती सेकंद थांबायचे यावर आमचे भांडण झाले. मी म्हणाले, सगळ्यांना दोन-दोन सेकंद. मैत्रीण म्हणाली, "नाही, अंडं चारच दिवस होतं आणि अळी सोळा दिवस होती. सारखं कसं चालंल?" तिचेच बरोबर होते. मग आम्ही 1 दिवस म्हणजे 1 सेकंद असे प्रमाण धरले. अंड्याला 4 सेकंद, दोन्ही अळ्या मिळून 16 सेकंद, कोशाला 10 सेकंद. 4 + 16 + 10 = 30. तीस दिवसांचा जीवनक्रम तीस सेकंदांत! गुरुजी म्हणाले, "पोरींनो, हे गणित झालं. नकाशातही असंच प्रमाण असतं."

दुसरी चूक: पोशाखांचा क्रम चुकला. फुलपाखरू आधी आणि कोश नंतर आला. आम्हाला कळलेच नाही. पहिलीतला एक लहान मुलगा पाहत होता. तो म्हणाला, "फुलपाखरू झोपायला पिशवीत जातं का?" तेव्हा आम्ही पाहिले. धडा दुसऱ्याला दाखवल्याशिवाय चूक दिसत नाही, हे त्या दिवशी कळले.

तिसरी चूक: फुलपाखरू उडवायचे होते, पण ते खाली जाऊ लागले. रंगमंच 480 रुंद आणि 360 उंच असतो. मधोमध शून्य असते. वर जायचे तर अधिक संख्या, खाली जायचे तर उणे संख्या. आम्ही उणे लिहिले होते. उणे संख्या आम्हाला माहीत नव्हती. गुरुजी म्हणाले, "दुकानात पैसे जमा असले तर अधिक आणि उधारी असली तर उणे." मग लगेच कळले. उधारी सगळ्यांना कळते!

चौथी चूक सर्वांत मोठी. ती मी पुढे सांगणार आहे.

माझ्या मैत्रिणीचा आवाज

आमच्या धड्यात अळी बोलते. "मी लिंबाचे कोवळे पान खाते. मला भूक फार लागते. मी आतापर्यंत चार वेळा कपडे बदलले!" हा आवाज माझ्या मैत्रिणीचा आहे. वर्गात ती उभी राहून वाचत नाही. तिला जोडाक्षरे अडतात आणि मग ती खाली मान घालते. पण माईकपुढे ती न अडखळता बोलली, कारण ते तिने पाहिलेले होते. ऐकून बाईंच्या डोळ्यांत पाणी आले असे मला वाटले, पण बाई म्हणाल्या, खडूची धूळ गेली.

तिला जोडाक्षरे का अडतात ते मी सांगते. ती ढ नाही. आपल्या बीड जिल्ह्यातून पुष्कळ माणसे दरवर्षी ऊसतोडीला जातात. तिचे आई-वडीलही जातात आणि तिलाही सोबत न्यावे लागते. दिवाळी झाली की टोळी निघते आणि पाडव्याच्या सुमाराला परत येते. गेल्या वर्षी आम्ही जोडाक्षरांची उजळणी केली, भागाकार शिकलो, तेव्हा ती फडावर होती. कोपीत लहान भावाला सांभाळत होती. परत आली तेव्हा परीक्षा जवळ आली होती.

म्हणून गुरुजी म्हणाले की असा धडा तिच्यासारख्या मुलांच्या फार उपयोगाचा आहे. वर्गात बाईंनी शिकवलेला तास निघून जातो. पण संगणकातला धडा जात नाही. ती परत आली की हिरवा झेंडा दाबून पुन्हा पाहील, दहादा पाहील. आता आम्ही ठरवले आहे की ती नसताना जे जे शिकू, त्यातल्या अवघड गोष्टींचे असेच छोटे छोटे धडे करून ठेवायचे. भागाकाराचा धडा मी करणार आहे. त्यात बोरे वाटणारी म्हातारी असणार आहे.

आता चौथी चूक. फुलपाखराचा आवाजही माझ्या मैत्रिणीनेच दिला होता. फार सुंदर दिला होता. त्या दिवशी आम्ही दोन तास काम केले आणि मध्ये एकदाही जतन केले नाही. मी म्हणाले होते, "झाल्यावर एकदमच करू." तेवढ्यात वीज गेली. अळीचा आवाज आदल्या दिवशी जतन केलेला होता, तो राहिला. फुलपाखराचा आवाज गेला. मी रडले. ती म्हणाली, "रडू नको, मी परत बोलंन." पण मग ती दोन दिवस शाळेत आली नाही, घरी सामान बांधायचे होते.

म्हणून आज तुम्ही धडा पाहाल तेव्हा अळी बोलेल आणि फुलपाखरू गप्पच उडेल. गुरुजी म्हणाले, दुसऱ्या कोणाचा आवाज घ्या. आम्ही सगळ्यांनी नाही म्हटले.

पालकांना विनंती

गेल्या शनिवारी माझ्या मैत्रिणीचे वडील तिचा दाखला विचारायला शाळेत आले होते. गुरुजींनी त्यांना संगणकापुढे बसवले आणि झेंडा दाबला. अळी बोलू लागली. ते म्हणाले, "हा तर आमच्या पोरीचा आवाज!" त्यांनी पुन्हा लावायला सांगितले. तीन वेळा ऐकले. मग म्हणाले, "हे तिनं केलं?" गुरुजी म्हणाले, "दोघींनी केलं. सेकंदांचा हिशेब तिचा आहे." ते काही बोलले नाहीत. टोपी काढून गुडघ्यावर ठेवली आणि बसून राहिले.

गुरुजींनी त्यांना सांगितले की आई-वडील ऊसतोडीला गेले तरी मुलांना गावातच राहून शिकता यावे म्हणून शासनाची हंगामी वसतिगृहाची योजना आहे, तिच्यासाठी शाळेत नाव द्यावे. घरी आजी असेल तर तिच्याजवळही मूल राहू शकते. ते म्हणाले, "घरी विचारून सांगतो."

त्यांनी अजून सांगितलेले नाही. मी लहान आहे, मला मोठ्यांना सांगायचा अधिकार नाही. पण हा लेख सगळे पालक वाचणार आहेत म्हणून लिहिते. काका आणि काकू, तुमची अडचण मला माहीत आहे. उचल घेतली की जावेच लागते असे माझी आई सांगते. तिला ठेवता आले तर ठेवा. माझ्या शेजारची जागा मी कोणाला देणार नाही.

हे लक्षात ठेवा

(अ) आधी डोळ्यांनी पाहा, वहीत लिहा, मग संगणकाला हात लावा. आमच्या वहीत तीस दिवसांच्या नोंदी नसत्या तर आमच्याजवळ संगणकाला सांगायला काहीच नव्हते.
(आ) दर थोड्या वेळाने काम जतन करा. गुरुजींच्या पेनड्राइव्हवरही एक प्रत ठेवा. ही गोष्ट मी कधीच विसरणार नाही.
(इ) एका संगणकावर दोघांनी बसावे. एकाने माऊस धरावा, एकाने सांगावे. मग अदलाबदल करावी. माऊस एकट्यानेच धरून ठेवू नये.
(ई) कोणाचा आवाज किंवा फोटो घ्यायचा असेल तर आधी विचारावे.
(उ) चित्र स्वतः काढावे. वाकडे आले तरी चालते. आमची अळी थोडी भेंडीसारखी दिसते.
(ऊ) ओल्या हाताने बटणे दाबू नयेत आणि पडद्याला डोळे चिकटवून बसू नये.

गुरुजी म्हणतात की चांगल्या साधनाचा उंबरा बुटका असावा म्हणजे लहान मुलालाही आत येता येते, छत उंच असावे म्हणजे मोठे कामही करता येते आणि भिंती रुंद असाव्यात म्हणजे ज्याला जे आवडते ते करता येते. स्क्रॅच तसे आहे. मला वाटते, शाळा पण तशीच असावी.

सांगा पाहू!

1. आमच्या धड्यात 1 दिवस म्हणजे 1 सेकंद आहे. 1 दिवस म्हणजे अर्धा सेकंद धरला तर पूर्ण धडा किती सेकंदांचा होईल?
2. लहान अळी पाखराच्या शिटेसारखी दिसते, याचा तिला काय फायदा?
3. "थांबा" हा ठोकळा लावला नाही तर काय होईल?

उत्तरे लिहून खालच्या पेटीत टाका. बरोबर उत्तरे देणाऱ्यांची नावे पुढच्या भित्तिपत्रकात येतील.

धडा पाहण्यासाठी आज सभा संपल्यावर संगणकाच्या खोलीत या. चपला बाहेर काढा. हिरवा झेंडा आमच्या वर्गातली मुले दाबून दाखवतील.

माझा हा पहिलाच लेख आहे. लिहिताना काही चुकले असेल तर मोठ्यांनी माफ करावे आणि छोट्यांनी हसू नये.